बाईंची नजर

बाईंना मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. चहाचा कप हातात घेऊन त्या खिडकीपाशी जायच्या, खिडकीपासून दारापाशी, दारापासून पुन्हा ओट्यापाशी, आणि कप अर्धा झाला की कुठेतरी ठेवून विसरून जायच्या. स्टुटगार्टच्या त्यांच्या दोन खोल्यांत असे अर्धे कप पुस्तकांच्या कपाटावर, रेडिओवर, न्हाणीघराच्या खिडकीत सापडत. समोरच्या माणसालाही त्या स्वस्थ बसू देत नसत. बोलता बोलता तुमची खुर्ची धरायच्या आणि तुमच्यासकट वीतभर सरकवायच्या. "तुझ्या चेहऱ्यावर उजेड नव्हता," एवढंच स्पष्टीकरण. तीसेक वर्षं त्यांनी इंग्लंडमध्ये टीव्हीवरची नाटकं आणि मालिका दिग्दर्शित केल्या होत्या. काम थांबलं होतं, पण अंगातली ती लगबग थांबायला तयार नव्हती.

मी लग्न होऊन जर्मनीत आले तेव्हा युरोच्या नोटा अजून कोऱ्या होत्या. माझा नवरा श्रीरंग गाड्यांचे गिअरबॉक्स तपासणाऱ्या एका कंपनीत होता. पावणेसातची एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पकडून तो जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. पुण्यात मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. इथे माझ्या पासपोर्टवर काम करायला मनाई असल्याचा शिक्का होता. सकाळी जर्मनचा वर्ग, आणि मग अख्खी दुपार. घरात मी सारखी काहीतरी पुसत असायचे. पुसून झालेलं पुन्हा पुसायचे.

आमच्या घराच्या दारावर दर काही आठवड्यांनी एक पाटी लटकायची. केअरवोखं. म्हणजे या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायची पाळी तुमची. पहिल्याच पाळीला मी जिना झाडत होते आणि तळमजल्यावरच्या दारात एक उंच, पांढऱ्या आखूड केसांची बाई उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी "गुटन टाग" म्हटलं. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तू डावखुरी आहेस. मग झाडू उजव्या हातानं का मारतेस?"

मी थबकलेच. लहानपणी शाळेत मला मारून मुटकून उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, आणि पुढे सगळंच उजव्या हातावर गेलं होतं. लग्नाला वर्ष होऊनही श्रीरंगला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "केस मागे सारलेस तो हात डावा होता. घाईतला हात खरा असतो."

मग त्यांनी माझं नाव विचारलं. ज्योत्स्ना हे नाव तोवर जर्मनीत कुणालाच म्हणता आलं नव्हतं. वर्गातल्या शिक्षिकेनं तर पहिल्या दिवशीच हात टेकले होते. बाईंनी ते माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं, माझ्या ओठांकडे बघत राहिल्या आणि पाचव्या वेळी स्वच्छ म्हटलं. त्यांनीही मला त्यांचं नाव सांगितलं आणि त्याच नावानं हाक मार म्हणाल्या. आईच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारणं माझ्या जिभेला काही जमेना. मी "बाई" म्हणू लागले. त्याचा अर्थ विचारून घेतल्यावर त्यांनी तेही पत्करलं.

मग त्यांच्या पाळीला मीही आणि माझ्या पाळीला त्याही, असा आमचा जिना झाडायचा कार्यक्रम सुरू झाला. घरमालकीण वरून वाकून बघायची आणि कोपऱ्यात राहिलेली पानं बोटानं दाखवायची. त्या झाडण्यात बाईंनी मला त्यांची सगळी कारकीर्द सांगितली, पण कधीच सलग नाही. एक पायरी, एक प्रसंग. उत्तर इंग्लंडातल्या एका कापडगिरणीच्या गावात त्यांचा जन्म झाला. आई गिरणीत. एकोणिसाव्या वर्षी त्या एका टीव्ही कंपनीत टंकलेखिका म्हणून लागल्या. नाटकांच्या संहिता टाइप करता करता चुका दिसायला लागल्या. पहिल्या पानावर माणूस बहिरा आणि सहाव्या पानावर तो दारावरची थाप ऐकतो, अशा. त्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या. एका दिग्दर्शकानं त्यांना बोलावलं. त्यांना वाटलं, आता नोकरी जाणार. त्यानं हातात स्टॉपवॉच दिलं आणि स्टुडिओत बसवलं. तिथून स्वतः दिग्दर्शकाच्या खुर्चीत पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली. "आणि खुर्ची मिळाली तेव्हा कळलं, मला बसताच येत नाही," त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी झाडू भिंतीला टेकवून, एकाच जागी उभं राहून सांगितली. आईच्या गिरणीतल्या बायकांवर त्यांनी एक नाटक केलं होतं. गिरणी बंद होते, आणि शेवटी मुख्य बाई दाराला कुलूप लावते, किल्ली साहेबाच्या टेबलावर ठेवते आणि बसमध्ये चढते. कुणी काही बोलत नाही. कंपनीला हा शेवट फार कोरडा वाटला. बाई सुट्टीवर असताना तो बदलला गेला आणि त्या जागी एक लग्न घातलं गेलं. बाईंनी कळवलं, माझं नाव काढून टाका. त्यांनी काढलं. तेव्हापासून 'अवघड बाई' हे बिरुद चिकटलं. कामं येत राहिली, पण दुसऱ्यांनी नाकारलेली. इस्पितळाच्या मालिकेचे दोन भाग, पोलिसांच्या मालिकेचे तीन. मग जर्मन कंपनीबरोबरची एक मालिका मिळाली म्हणून त्या स्टुटगार्टला आल्या. दोन वर्षांत ती बंद पडली.

"मग परत का नाही गेलात?"

"तिथे फोन वाजत नाही त्याला कारण मी असते. इथे वाजला नाही तर भाषेला दोष देता येतो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या.

पोटापाण्यासाठी त्या कंपन्यांमधून इंजिनिअर लोकांना इंग्रजी बोलायला शिकवत. श्रीरंगच्या कंपनीतही जायच्या. एकदा तो घरी आला तो हसतच. "आज तुझ्या बाईंनी आमच्या बॉसला तीनदा दारातून आत यायला लावलं. म्हणाल्या, तुम्ही माफी मागायला आल्यासारखे येता. तो बिचारा गेनाऊ, गेनाऊ, बरोबर, बरोबर म्हणत तीनदा बाहेर जाऊन आला." मी विचारलं, "मग? चौथ्यांदा?" श्रीरंग म्हणाला, "तिसऱ्यांदा आला ना, तेव्हा आम्ही सगळे आपोआप उभे राहिलो गं."

त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आल्या होत्या. मी ओळख करून दिली, "अहो आई, या बाई टीव्हीवरच्या मालिका करायच्या." आईंनी बाईंना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, मालिकेतल्या सुना रात्री झोपतानासुद्धा दागिने का घालतात?" मी भाषांतर केलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी आईंचे दोन्ही हात धरले. त्यानंतर तासभर त्या दोघी माझ्यामार्फत मालिकांना नावं ठेवत होत्या. बाई त्या तासात घरभर हिंडल्या. शेवटी आई म्हणाल्या, "अगं, त्यांना जरा बसायला सांग. मलाच गरगरायला लागलं."

बाई मलाही हळूहळू तयार करत होत्या, हे मला उशिरा कळलं. दुपारी त्या टीव्हीवर एखादी जर्मन पोलिस मालिका लावायच्या, आवाज बंद करायच्या आणि विचारायच्या, "काय चुकलं?" मुद्रितं तपासून माझी नजर अडखळायला शिकलेलीच होती. ग्लासातली बिअर कमी होऊन पुन्हा वाढली, कोटाचं वरचं बटण उघडं होतं ते लागलं, हे मला दिसायचं. बाई टाळ्या वाजवायच्या. या नजरेला पगार देतात, तिला कंटिन्युइटी म्हणतात, हे मला तेव्हा समजलं. एक प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, कधी चार दिवसांच्या अंतरानं चित्रित होतो. पडद्यावर तो सलग दिसावा म्हणून प्रत्येक बटण, प्रत्येक ग्लास कुणाला तरी लक्षात ठेवावा लागतो.

तिसऱ्या वर्षी बाईंचा फोन वाजला. एका इंग्रजी मालिकेच्या भागाचं पाच दिवसांचं चित्रण हायडेलबर्गला होतं, आणि त्यांचा दिग्दर्शक पायऱ्यांवरून पडून इस्पितळात गेला होता. तिथला कॅमेरामन बाईंचा जुना सहकारी होता. तो लंडनच्या निर्मात्याला म्हणाला, ती गाडीनं दीड तासाच्या अंतरावर राहते, आणि तिची नजर अजून पहिल्यासारखी आहे. बाईंनी होकार दिला आणि एक अट घातली, कंटिन्युइटीला माझी मुलगी असेल. 'माझी मुलगी' म्हणजे मी. आउसलेंडरबेह्योर्डेत, त्या परदेशी लोकांच्या कचेरीत, बाई माझ्याबरोबर आल्या. तिथल्या माणसाच्या टेबलापुढे त्यांनी इतक्या येरझारा घातल्या की दुसऱ्याच दिवशी माझ्या पासपोर्टवर नवा शिक्का बसला.

जाताना गाडीत त्यांनी मला एकच नियम सांगितला. "दिसलं की सांग. महत्त्वाचं आहे की नाही ते मी ठरवीन. तू फक्त सांग."

गोष्ट साधी होती. हायडेलबर्गला संशोधन करणारा एक इंग्रज मुलगा अपघातात गेला आहे आणि त्याची थोरली बहीण त्याचं सामान न्यायला येते. चौथ्या दिवशी शेवटी एक प्रसंग होता. ती भावाच्या खोलीत एकटी त्याचे शर्ट घड्या करून बॅगेत भरते, बस्स. तो प्रसंग निर्मात्याला नको होता. ज्यात कुणी बोलत नाही तो प्रसंग कशाला, असं तो फोनवर रोज म्हणत होता. बाई रोज सांगत, आधी बघा, मग बोला. अखेर तो म्हणाला, वेळ उरला तर घ्या.

बाईंनी वेळ उरवला. त्या चार दिवसांत मी त्यांना खऱ्या अर्थानं पाहिलं. घरात जी तगमग वाटायची, ती तिथे कामाची गती होती. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. नटीच्या कानाशी जाऊन दोन वाक्यं बोलायच्या आणि पुढच्या टेकला ती नटी वेगळीच बाई झालेली असायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी खिडकीतून नदीकडचा पिवळा उजेड आत आला. तो फार तर वीस मिनिटं टिकणार होता. संध्याकाळीच खोली रिकामी करून द्यायची होती आणि नटीचं विमानही त्याच दिवशी होतं. एकच सलग टेक, चार मिनिटांचा.

नटी शर्ट घड्या करू लागली. दुसरा शर्ट उचलला, तो नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. आणि त्याच क्षणी मला दिसलं की पट्टी उजव्या हाताला आहे. आदल्या दिवशीच्या प्रसंगात काच लागून तिचा डावा तळवा कापला होता. तसा पोलरॉइड फोटो माझ्या मांडीवर पडलेला होता. जेवणानंतर तिनं हात धुतले होते, रंगभूषेच्या मुलीनं घाईत पट्टी पुन्हा बांधली होती, आणि मी शर्टांचा क्रम लावण्यात गुंतले होते.

बाई "कट" म्हणाल्या. कुणी हललं नाही. कॅमेरामननं चष्मा काढून डोळे पुसले. बाईंनी रिवाजाप्रमाणे एकेकाला विचारलं. "कॅमेरा?" "ठीक." "आवाज?" "ठीक." मग माझ्याकडे वळल्या. "ज्योत्स्ना?"

मी म्हटलं, "ठीक."

का म्हटलं, ते मी आजही स्वतःला विचारते. बाईंचा चेहरा उजळला होता, सगळी खोली उजळली होती, आणि मला वाटलं, इतकं सुंदर काही माझ्या तोंडून मोडू नये. उजेड अजून होता. दहा मिनिटं तरी होता. लोक टाळ्या वाजवून सामान आवरू लागले, नटी बाईंच्या गळ्यात पडून निघून गेली आणि खिडकी राखाडी झाली. तेव्हा जिन्यात मी बाईंना गाठलं आणि फोटो पुढे धरला.

त्यांनी फोटोकडे बघितलं. "कधी दिसलं?"

"दुसऱ्या शर्टाला."

"आणि मी विचारलं तेव्हा ठीक म्हणालीस."

"हो."

त्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "चित्र उलटं करून नाही का वापरता येणार?" त्या म्हणाल्या, "मागच्या भिंतीवर नकाशा आहे. अक्षरं उलटी दिसतील." मग त्या जिना उतरून नदीकडे चालत गेल्या. मी पायरीवरच बसून राहिले. अर्ध्या तासानं त्या परतल्या तेव्हा बूट चिखलानं भरले होते. म्हणाल्या, "उद्या सातला पुलावर. कोट आण, वारा असेल."

दुसऱ्या दिवशी पुलावर त्या निर्मात्याशी फोनवर बोलताना मला ऐकू आलं. "नाही, मुलीला मी शर्टांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, हातांकडे मी बघणार होते. पट्टी मला दिसली नाही. चूक माझी." मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला आणि मी थांबले. कॅमेरामन शेजारीच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

परतीच्या गाडीत मी रडत विचारलं, "असं का केलंत?" त्या डब्यातल्या मधल्या वाटेत उभ्या होत्या, वरच्या दांडीला धरून. म्हणाल्या, "तुझं नाव त्यांनी आत्ताच ऐकलंय. पहिलीच गोष्ट ही ऐकली तर दुसरी कधी ऐकणार नाहीत. माझ्याबद्दल त्यांनी पुष्कळ ऐकलंय. त्यात आणखी एक."

"पण तो प्रसंग..."

"गेला," त्या म्हणाल्या. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्या डब्यात दोन फेऱ्या मारून आल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्यावर रागावलेय, हे तुला कळलंय ना? कळायला हवं म्हणून सांगते. थोडे दिवस राहील."

तो राग आठ दिवस राहिला. नवव्या दिवशी माझी केअरवोखंची पाळी होती. मी खाली गेले तर बाई हातात झाडू घेऊन आधीच उभ्या होत्या.

तो भाग प्रक्षेपित झाला तेव्हा शर्टांचा प्रसंग त्यात नव्हता. निर्मात्याला आयतंच कारण मिळालं होतं. भागाचं कौतुक झालं, पण बाईंना कुणी बोलावलं नाही. नजर गेली, अशी कुजबुज लंडनपर्यंत पोचली होती. फोन वाजला तो माझा. बाईंनी स्टुटगार्टच्या एका निर्मितीसंस्थेला माझ्याबद्दल पत्र लिहिलं होतं. पहिल्या दिवशी कामावर निघाले तेव्हा त्यांनी माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, "आल्झो, तर मग, दिसलं की सांग." मी म्हटलं, "बाई, मी लंडनच्या लोकांना खरं कळवते. अजून वेळ गेलेली नाही." त्या कडाडल्या, "माझं खोटं मोडायचा तुला अधिकार नाही. मी असेपर्यंत तरी नाही."

पाच वर्षांनी गुडघ्यांनी त्यांना स्टुटगार्टच्या चढाच्या रस्त्यांवर जगणं अशक्य केलं आणि त्या इंग्लंडला आपल्या गावी भाचीकडे गेल्या. स्टेशनवर त्यांनी मधल्या काळात झालेल्या माझ्या छोट्या लेकीला, जिला मराठी कळायचं पण जी उत्तर जर्मनमध्येच द्यायची, विचारलं, "आईला घरी काय चुकलेलं दिसतं?" ती म्हणाली, "आलेस!" म्हणजे सगळंच. बाई खूप हसल्या. गाडी सुटली तेव्हा त्या खिडकीशी नव्हत्या. डब्यातून पुढे पुढे चालत जाताना दिसल्या.

पुढच्या हिवाळ्यात भाचीचा फोन आला, बाई गेल्या. मी आणि श्रीरंग गेलो. गावातलं छोटं, थंड प्रार्थनाघर, वीसेक माणसं. पांढऱ्या मिशांचा तो कॅमेरामन बोलायला उभा राहिला. फार प्रेमानं बोलला. टंकलेखिकेपासूनची सगळी वाट सांगितली, गिरणीच्या नाटकाचा खरा शेवट सांगितला. मग म्हणाला, "शेवटी हायडेलबर्गला तिच्या नजरेतून एक पट्टी निसटली. नजर दमतेच. पण तिनं सबब सांगितली नाही." लोक मायेनं हसले. आता बाईंबद्दल हेच शिल्लक राहणार होतं, एक दमलेली नजर.

श्रीरंगनं माझा हात धरला, पण मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "त्यांच्या नजरेतून काही निसटलं नव्हतं. त्या नटीचा चेहरा बघत होत्या. हात बघायचं काम माझं होतं. मला ते दिसलं होतं, उजेड असताना दिसलं होतं. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले. नंतर त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

भाची पहिल्या रांगेतून उठली, मला वाटलं, आता ती मला बाहेर जायला सांगणार. ती म्हणाली, "मागच्या बाकांवर मावशीच्या लहानपणच्या, गिरणीत काम केलेल्या मैत्रिणी आहेत. म्हाताऱ्या आहेत, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुढे येऊन पुन्हा सांगता का?"

मी पुढे गेले आणि मोठ्यानं, पहिल्यापासून सांगितलं.